तंजावरचा वाचनपाठ : इंग्रजीची परीक्षा आणि वाचनाची तयारी

कावेरीच्या पाण्यावर पोसलेले तंजावर शहर मराठी वाचकाला सर्वस्वी परके नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात येथे भोसले घराण्याची गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ती या ना त्या स्वरूपात टिकली. त्या काळाशी नाते सांगणारी मराठी घराणी आजही तेथे आहेत. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ आणि शाळेत इंग्रजी असा तीन भाषांचा व्यवहार त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रांच्या आणि मोडी कागदपत्रांच्या सोबतीने हजारो युरोपीय ग्रंथ जतन केलेले आहेत आणि त्यांतील अनेकांवर दुसऱ्या सरफोजी राजांची इंग्रजी स्वाक्षरी आहे.

दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाने परक्या भाषेतील पाने ज्या निष्ठेने वाचली, तिची आठवण आज मुद्दाम करण्यासारखी आहे. कारण तंजावरात काय किंवा कोल्हापूर, नांदेड, बेळगाव येथे काय, हजारो तरुणतरुणी सध्या इंग्रजी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेला बसण्याच्या तयारीत आहेत, आणि त्या परीक्षेतील वाचनाचा विभाग त्यांच्यापैकी अनेकांना अडवून धरतो. हा विभाग शब्दांच्या पाठांतराने सुटत नाही. जे पानावर लिहिले आहे तेवढेच, आणि तेवढे सगळे, समजून घेण्याची सवय लागली म्हणजेच तो सुटतो. ही सवय कशी लावून घ्यावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

एका परीक्षेवर किती अवलंबून असते

आयईएलटीएस या नावाने ओळखली जाणारी परीक्षा १९८९ सालापासून घेतली जात आहे. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे तिचे चार विभाग असून प्रत्येकाला ० ते ९ यांमधील श्रेणी मिळते. परदेशी विद्यापीठांत प्रवेश, व्यावसायिक नोंदणी, स्थलांतराची परवानगी अशा अनेक ठिकाणी ही श्रेणी मागितली जाते. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करू इच्छिणारी व्यक्ती या परीक्षेचा मार्ग पत्करते, तेव्हा तिला वाचनात ७ श्रेणी मिळवावी लागते. वाचनाचे प्रश्न ४० असतात आणि त्यांपैकी ३० च्या आसपास उत्तरे बरोबर आली म्हणजे साधारणतः ७ श्रेणी मिळते. २६ बरोबर आली, तर ती हुकते. चार उत्तरांच्या या अंतरात घरचे कर्ज, वर्षभराची प्रतीक्षा आणि वडीलधाऱ्यांच्या आशा अडकलेल्या असतात. निकालाची मुदतही सामान्यतः दोनच वर्षांची असते.

इंग्रजीच्या परीक्षेने बुद्धिमंतांनाही कसे अडविले आहे, याचे उदाहरण तंजावर जिल्ह्यातच सापडते. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्ती घेऊन दाखल झाले. गणितात त्यांना जोड नव्हती. परंतु इंग्रजीत ते अनुत्तीर्ण झाले आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली. पुढे १९१४ साली ते केंब्रिजला गेले आणि जगाने त्यांची योग्यता ओळखली, तरी मधल्या वर्षांची ओढाताण टळली नाही. यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. भाषेच्या परीक्षेतील अपयश म्हणजे बुद्धीचा अभाव नव्हे, ही पहिली. बुद्धी असूनही त्या अपयशाची किंमत मोजावी लागते, ही दुसरी. पहिली गोष्ट धीर देते आणि दुसरी तयारीला लावते.

राजपुत्राचे इंग्रजी

सरफोजी राजांना इंग्रजी सहजासहजी लाभलेले नव्हते. त्यांचा जन्म १७७७ सालचा. तुळजाजी महाराजांनी १७८७ साली त्यांना दत्तक घेतले आणि लवकरच महाराज निवर्तले. गादी अमरसिंहांकडे गेली आणि बाल राजपुत्र जवळजवळ बंदिवासात पडला. त्याच्या शिक्षणाची हेळसांड होत असल्याची तक्रार श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याने मद्रासच्या सरकारकडे नेली. १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलविण्यात आले आणि तेथे त्यांचे शिक्षण नीट मार्गी लागले. १७९८ साली ते गादीवर आले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांच्या हाती राजवाडा, किल्ला आणि तनखा उरला.

सत्ता गेली, पण वाचन वाढले. सरफोजींनी वैद्यक, रसायन, वनस्पतिशास्त्र, भूगोल, काव्य अशा नाना विषयांचे युरोपीय ग्रंथ जमविले. १८२६ साली बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा राजांना लाव्हाझिये आणि लिनियस यांच्या ग्रंथांतील दाखले तोंडपाठ असल्याचे पाहून ते चकित झाले. शेक्सपिअरच्या काव्यगुणांविषयीची राजांची जाणही त्यांनी वाखाणली आहे. हे वाचन केवळ शोभेचे नव्हते. राजांच्या धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यकाचा मेळ घालण्याचा प्रयत्न होत असे आणि तेथील नेत्ररुग्णांच्या नोंदी आजही ग्रंथालयात आहेत.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद गोष्ट मात्र वेगळीच आहे. सरफोजींनी तंजावरात छापखाना उभारला आणि १८०६ साली तेथून ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक बाहेर पडले. सखण्णा पंडितांनी केलेले ते इसापच्या कथांचे भाषांतर होय. इंग्रजीत वाचलेले मराठीत सांगता आले, तरच ते खरोखर समजले, या कसोटीचा याहून चांगला नमुना कोणता असणार? परीक्षेची तयारी करणाऱ्याने हीच कसोटी रोज स्वतःला लावावी. उतारा वाचून झाला की तो मिटावा आणि त्याचे सार आपल्या भाषेत चार वाक्यांत सांगून पाहावे. जेथे जीभ अडखळेल, तेथे आकलन अडखळले आहे असे खुशाल समजावे.

परीक्षेचे स्वरूप

उच्च शिक्षण आणि व्यावसायिक नोंदणी यांसाठी जी परीक्षा असते, तिच्या वाचन विभागात तीन दीर्घ उतारे येतात. ते ग्रंथ, नियतकालिके, वृत्तपत्रे यांतून घेतलेले असतात आणि त्यांसाठी विषयाचे विशेष ज्ञान लागत नाही. तिन्ही उताऱ्यांत मिळून २,१५० ते २,७५० शब्द असतात. प्रश्न ४०, वेळ ६० मिनिटे. प्रत्येक प्रश्नाला एक गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी सोडू नये. उत्तरे नोंदविण्यास वेगळा वेळ मिळत नाही, म्हणून ती जागच्या जागी नोंदवावीत.

येथे थोडे अंकगणित करून पाहावे. मिनिटाला १०० शब्द या गतीने २,७५० शब्द एकदा वाचावयास साडेसत्तावीस मिनिटे लागतात. उरलेल्या साडेबत्तीस मिनिटांत ४० उत्तरे शोधावयाची. सगळे उतारे अक्षरन् अक्षर दोनदा वाचण्याचा ज्याचा बेत असेल, त्याचा तिसरा उतारा हमखास अर्धवट राहतो. पहिल्या उताऱ्याला १७, दुसऱ्याला २० आणि तिसऱ्याला २३ मिनिटे, अशी वाटणी बहुतेकांना सोयीची पडते, कारण उतारे सहसा उत्तरोत्तर कठीण होत जातात.

आहे, नाही आणि सांगितलेले नाही

या विभागात अनेकांना चकविणारा प्रश्न एकच आहे. काही विधाने दिलेली असतात आणि प्रत्येक विधान उताऱ्याशी जुळते, उताऱ्याच्या विरुद्ध जाते, की उताऱ्यात त्याविषयी काही सांगितलेलेच नाही, हे ठरवावयाचे असते. हा प्रकार समजण्यासाठी तंजावरविषयीचाच एक छोटा उतारा मराठीत घेऊ.

‘तंजावरचे बृहदीश्वर मंदिर चोळ सम्राट पहिला राजराज याने बांधविले. इ. स. १०१० मध्ये ते पूर्ण झाले. गाभाऱ्यावरील त्याचे विमान सुमारे ६६ मीटर उंच आहे. मंदिराच्या भिंतींवर चोळकालीन तमिळ लेख कोरलेले आहेत. १८०३ साली, दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकिर्दीत, याच मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. १९८७ साली युनेस्कोने मंदिराचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला.’

आता ही चार विधाने पाहा.

१. मंदिराचे बांधकाम अकराव्या शतकाच्या प्रारंभी पूर्ण झाले.
२. मंदिरातील सर्व शिलालेख तमिळ भाषेत आहेत.
३. मंदिर बांधण्यास दहा वर्षांहून कमी काळ लागला.
४. मंदिराच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही.

पहिले विधान उताऱ्याशी जुळते. ‘अकरावे शतक’ हे शब्द उताऱ्यात नाहीत, परंतु १०१० हे वर्ष त्याच शतकाच्या प्रारंभीचे आहे. परीक्षक नेहमी असेच करतात. उताऱ्यातील गोष्ट प्रश्नात निराळ्या शब्दांनी सांगतात. दुसरे विधान उताऱ्याच्या विरुद्ध आहे, कारण १८०३ चा लेख मराठीत आहे. सारा घात येथे ‘सर्व’ या एका शब्दाने केला. तिसऱ्याचे उत्तर ‘सांगितलेले नाही’ असे आहे. मंदिर केव्हा पूर्ण झाले हे उतारा सांगतो. बांधकाम केव्हा सुरू झाले हे सांगत नाही.

चौथे विधान सर्वांत फसवे आहे. तंजावरला गेलेल्या बहुतेकांनी ही आख्यायिका ऐकलेली असते. श्रद्धाळू मनुष्य ‘बरोबर’ लिहितो. चिकित्सक मनुष्य ‘चूक’ लिहितो, कारण उन्हात उभे राहून सावली स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. परीक्षेत दोघांचाही गुण जातो. उताऱ्यात सावलीचा उल्लेखच नाही, म्हणून उत्तर ‘सांगितलेले नाही’ हेच. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट आणि पानावर लिहिलेली गोष्ट यांत भेद करणे, हा या प्रश्नाचा सगळा मथितार्थ आहे. बातमी वाचताना, करारनामा वाचताना, औषधाची चिठ्ठी वाचताना हाच भेद उपयोगी पडतो. म्हणून या सरावाचे मोल परीक्षेपुरते समजू नये.

तीन तऱ्हांचे वाचन

परीक्षेत तीन प्रकारे वाचावे लागते. पहिले धावते वाचन. शीर्षक, पहिला परिच्छेद आणि पुढील प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य यांवरून दोन-तीन मिनिटांत उताऱ्याचा आराखडा मनात उभा करावा. परिच्छेदांना योग्य मथळे जुळविण्याच्या प्रश्नात हाच आराखडा कामी येतो. मथळा निवडताना परिच्छेदातील एखाद्या लक्षवेधी तपशिलाला भुलू नये; संपूर्ण परिच्छेद कशाविषयी आहे, हे पाहावे.

दुसरे शोधक वाचन. वर्ष, विशेषनाम, आकडा, संज्ञा अशा खुणा प्रश्नांतून निवडून त्या उताऱ्यात शोधावयाच्या. गर्दीच्या फलाटावर आपण सर्वांचे चेहरे न्याहाळीत नाही, फक्त आपल्या पाहुण्याला शोधतो. तशीच ही नजर असावी. काही प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे उताऱ्यात प्रश्नांच्याच क्रमाने येतात, त्यामुळे एक सापडले की पुढचे त्याच्या खालीच असण्याचा संभव असतो.

तिसरे बारीक वाचन. उत्तराची जागा सापडली की तेथील दोन-तीन वाक्ये शब्दशः वाचावी. रिकाम्या जागा भरताना ‘दोनपेक्षा अधिक शब्द नकोत’ अशा सूचना असतात. त्या मोडल्यास बरोबर उत्तरही चूक ठरते. शब्द उताऱ्यातूनच घ्यावयाचा असेल, तर तो जसाच्या तसा आणि बिनचूक वर्णलेखनासह उतरवावा.

मराठी वाचकाची विशेष अडचण

मराठीत वाक्याचे क्रियापद बहुधा शेवटी येते आणि विशेषणाचा सारा पसारा नामाच्या आधी येतो. ‘राजांनी दूरदूरहून मागविलेले आणि स्वतःच्या स्वाक्षरीने जपलेले ग्रंथ या ग्रंथालयात आहेत’ असे आपण म्हणतो. इंग्रजीत ‘ग्रंथ’ हा शब्द आधी येतो, त्याचे वर्णन मागाहून येते आणि मुख्य क्रियापद त्या वर्णनाच्या पलीकडे जाऊन बसते. म्हणून लांब इंग्रजी वाक्य समोर आले की प्रथम दोनच प्रश्न विचारावेत : कोण, आणि त्याने काय केले? कर्ता आणि मुख्य क्रियापद हाती लागले की उरलेला पसारा आपोआप जागी बसतो.

दुसरी अडचण लहान शब्दांची आहे. आपण अवघड शब्दांना भितो आणि सोप्या शब्दांकडे दुर्लक्ष करतो. वास्तविक ‘ओन्ली’, ‘मोस्ट’, ‘सम’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘अनलेस’, ‘ऑलदो’ अशा लहान शब्दांतच वाक्याची दिशा ठरते. शास्त्रज्ञ ‘मे’ म्हणतो तेव्हा तो शक्यता सांगतो. प्रश्नात तीच गोष्ट निश्चित म्हणून मांडली असेल, तर दोन्ही एक नव्हेत. अनोळखी अवघड शब्द मात्र आजूबाजूच्या वाक्यांवरून अनेकदा उमगतो, आणि नाही उमगला तरी उत्तर अडतेच असे नाही.

आपल्याजवळ एक बळही आहे. एकच गोष्ट दोन-तीन भाषांत सांगण्याची सवय ज्या घरांत असते, त्या घरांतील मुलांना ‘निराळे शब्द, तोच अर्थ’ हे तत्त्व शिकवावे लागत नाही. तंजावरच्या मराठी कुटुंबांत तर हे रोजचेच आहे. पूर्वीच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव अशाच मराठी घराण्यातील होते. मद्रासला इंग्रजी शिक्षणात नाव मिळवून त्यांनी पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथील दिवाणगिरी सांभाळली. मातृभाषा घरात ठेवल्याने त्यांचे इंग्रजी उणे झाले नाही. म्हणून मातृभाषेच्या माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने स्वतःस कमी लेखण्याचे कारण नाही. त्याला वेळ थोडा अधिक द्यावा लागेल, इतकेच.

तीन महिन्यांचा क्रम

ज्याचे इंग्रजी बरे आहे, परंतु वाचनाची सवय नाही, त्याने निदान तीन महिने हाती ठेवावेत. पहिल्या महिन्यात घड्याळ बाजूला ठेवावे. ‘हिंदू’सारख्या दैनिकातील अग्रलेख, विज्ञानविषयक पान, एखाद्या चांगल्या ग्रंथाची चार पाने असे काही रोज वाचावे आणि त्याचे सार मातृभाषेत सांगावे. कोशात फक्त असेच शब्द पाहावेत, जे दोनतीनदा आडवे आले आहेत. शब्द एकटा न उतरविता त्याच्या वाक्यासह उतरवावा.

दुसऱ्या महिन्यात प्रश्नांचा एकेक प्रकार घेऊन सराव करावा आणि चुकांची एक वही ठेवावी. तीत चार रकाने असावेत : प्रश्न, माझे उत्तर, बरोबर उत्तर आणि चुकीचे कारण. ‘लक्ष नव्हते’ हे कारण लिहू नये, कारण त्यातून काही शिकता येत नाही. ‘सर्व हा शब्द वाचला नाही’, ‘स्वतःची माहिती घातली’, ‘शब्दमर्यादा ओलांडली’ असे नेमके कारण लिहावे. पंधरा दिवसांत तीच दोन-तीन कारणे पुनःपुन्हा दिसू लागतील आणि कोठे मेहनत घ्यावी हे वही स्वतःच सांगेल.

तिसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोनदा पूर्ण ६० मिनिटांची परीक्षा द्यावी, तीही प्रत्यक्ष परीक्षेच्या वेळी आणि संगणकाच्या पडद्यावर. कागदावर वाचण्याची सवय असलेल्यांना पडद्यावर लांब उतारा वाचणे प्रथम जड जाते. नमुन्याचे प्रश्न परीक्षा घेणाऱ्या संस्था विनामूल्य उपलब्ध करून देतात, त्यांपासूनच आरंभ करावा. ‘हमखास येणारे उतारे’ विकणाऱ्यांपासून, तसेच श्रेणीची हमी देणाऱ्या वर्गांपासून दूर राहावे. वाचणारे डोळे कोणी विकत देऊ शकत नाही.

घरच्यांचे साहाय्य

परीक्षेला एक जण बसतो, पण तयारी घरात होते. रोज एक ठरलेला तास घरात दूरदर्शन बंद आणि दूरध्वनी दुसऱ्या खोलीत, एवढी व्यवस्था कोणत्याही घराला करता येण्याजोगी आहे. ज्या मुलीला स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांचे सांभाळून अभ्यास करावा लागतो, तिच्या वाट्याचे काम त्या तासापुरते इतरांनी उचलावे. श्रेणी तिच्या नावावर येणार असली, तरी तिचा लाभ घरालाच होणार आहे.

इंग्रजी न येणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही येथे मोठे काम आहे. मुलाने वाचलेल्या उताऱ्याचे सार आजी-आजोबांनी त्याच्याकडून ऐकावे आणि ‘असे का?’, ‘मग पुढे काय?’, ‘हे त्यांनीच लिहिले आहे की तू सांगतोस?’ असे प्रश्न बिनदिक्कत विचारावेत. शेवटचा प्रश्न तर परीक्षकाचाच आहे. उत्तर देता आले नाही की मूल पुन्हा पानाकडे वळेल, आणि ज्या ओळीवरून त्याची नजर घसरली होती ती ओळ त्याला सापडेल.

श्रेणी मिळाली की वह्या माळ्यावर जातात आणि निकालपत्राची मुदतही संपते. परंतु दुसऱ्याचे म्हणणे धीराने, अर्थाला धक्का न लावता समजून घेण्याची लागलेली सवय जन्मभर पुरते. सरफोजी राजांना कोणतीही परीक्षा द्यावयाची नव्हती, तरी त्यांनी ती सवय लावून घेतली आणि तिचे फळ आपल्या भाषेलाही दिले. आज परीक्षेच्या निमित्ताने का होईना, ज्यांना ती लावून घ्यावी लागत आहे, त्यांनी उद्या इंग्रजीतील एखादी चांगली गोष्ट आपल्या घरातील मुलांना मराठीत वाचून दाखवावी. बालबोध मुक्तावलीची परंपरा तेवढ्यानेही पुढे चालू राहील.